शिकारीच्या रायफलला बायपॉड: कुठला घ्यायचा आणि नीट कसा बसवायचा

बायपॉड, म्हणजे रायफलीच्या पुढच्या भागाखाली लावायचा दोन पायांचा आधार, घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न सगळे विचारतात तो म्हणजे कुठल्या कंपनीचा घेऊ. माझ्या मते हा प्रश्न तिसरा-चौथा आहे. पहिला प्रश्न हा की गोळी मारताना तुम्ही नक्की कसे असता, पालथे झोपलेले, मांडी घालून बसलेले, का उतारावर कसेबसे टेकलेले, आणि दुसरा प्रश्न हा की तुमच्या रायफलीचा फोरएंड, म्हणजे नळीखालचा स्टॉकचा (नळी ज्यात बसवलेली असते त्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या सांगाड्याचा) पुढचा भाग, किती कडक आहे. ही दोन उत्तरं नीट मिळाली की कंपनी आपोआप ठरते. आणि ती न शोधता कितीही महागाचा बायपॉड लावला तरी तो रायफलीला लटकवलेलं ओझंच होतं.

आधी एक गोष्ट सांगतो, मग पुढे. पुढे जे काही काम लिहिलंय ते सगळं रिकाम्या रायफलीवर करायचं. मॅगझिन बाहेर, बोल्ट (मागचा सरकणारा दांडा) बाहेर, चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागी, डोळ्याने बघायचं आणि बोटानेही चाचपायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत. स्टॉक हातात उलटासुलटा करताना नळी कुठेही वळते म्हणून हे सांगतोय, आणि शिकार जिथे कायदेशीर आहे तिथेच आणि परवान्यावरच हे सगळं.

आता उंची. बायपॉड साधारण तीन मापांत येतात, ६ ते ९ इंच, ९ ते १३ इंच, आणि बसून मारण्यासाठीचे लांब पायांचे, जे १३ इंचांच्या आसपास सुरू होऊन २५-२७ इंचांपर्यंत जातात. रेंजवर सिमेंटच्या ओट्यावर झोपून मारणाऱ्याला ६-९ वाला एकदम बरोबर बसतो, म्हणून दुकानात आणि फोटोत तोच जास्त दिसतो, आणि बरेच शिकारी तोच घेऊन येतात. मी पण तोच घेतला होता. पहिल्याच खेपेला गवताळ माळावर झोपलो, पाय पूर्ण ९ इंचांवर काढले, स्कोपमध्ये डोळा लावला तर समोर नुसत्या पिवळ्या काड्या, हरीण उभं होतं दोनशे मीटरवर आणि मला त्याचे कान आणि पाठीची एक रेघ एवढंच दिसत होतं. तेव्हा कळलं की उंची आपल्याला काय आवडतं त्यावर नाही, जमीन कशी आहे त्यावर ठरते.

म्हणून विकत घ्यायच्या आधी मोजा. ज्या जागी तुम्ही खरंच जाता तिथलीच किंवा तशीच जमीन शोधा, झोपा, फोरएंडखाली विटा नाहीतर पुस्तकं रचत जा, मान न ताणता स्कोपचं पूर्ण गोल चित्र दिसायला लागलं आणि समोरचं गवत नळीच्या खाली गेलं की थांबा, आणि जमिनीपासून फोरएंडच्या खालच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या. हे सपाटीवर एकदा करा, चढावर तोंड करून एकदा करा. वर डोंगराकडे मारायचं असेल तर पुढची बाजू उचलावी लागते, तिथे ६-९ वाला लगेच कमी पडतो. खाली दरीत मारायचं असेल तर उलटं, पुढून खाली आणि दस्त्याखाली, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाखाली, काहीतरी उंच लागतं. बहुतेक शिकाऱ्यांना ९-१३ वाला सगळ्यात जास्त कामाला येतो असं माझं ठाम मत झालंय, थोडा जड असतो आणि पाय लांब असल्यामुळे ६-९ इतका ठाम बसत नाही, पण गवताच्या वर दिसत असेल तरच ठामपणाचा उपयोग. लांब पायांचा बसून मारायचा बायपॉड मोकळ्या, झुडपांच्या प्रदेशात छान, फक्त तो पूर्ण उघडला की हलतो, त्यामुळे गुडघ्यांवर कोपरं टेकवून शरीरानेच त्याला आधार द्यावा लागतो. वजन बघितलं तर छोटा चांगला बायपॉड साधारण ३५० ते ४५० ग्रॅम भरतो, लांब पायांचा अर्ध्या किलोच्या वर जातो, आणि हे वजन सगळं नळीच्या टोकाकडे असतं म्हणून हातात ते जास्तच जाणवतं.

आणि दाट जंगलात जिथे जनावर पन्नास-साठ मीटरवर दिसतं आणि उभ्यानेच मारायचं असतं तिथे बायपॉड नकोच, काठीचा आधार बरा. पाय फांद्यांत अडकतात, आवाज होतो, आणि झोपायला जागाच नसते.

उंचीनंतर दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे बायपॉड बाजूला कलतो का नाही. काही बायपॉड फिक्स असतात, पाय जसे जमिनीवर बसतील तशी रायफल बसते. ओट्यावर काही फरक पडत नाही, पण रानात एक पाय दगडावर आणि दुसरा खड्ड्यात असतो, रायफल एका बाजूला झुकते, आणि झुकलेल्या रायफलीची गोळी झुकलेल्या बाजूला आणि थोडी खाली जाते. किती जाते ते सांगतो, .३०८ कॅलिबरसारखी रायफल ३०० मीटरवर झिरो केलेली, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी त्या अंतरावर जुळवलेली, असेल आणि ती ५ अंश कलली तर गोळी ३०० मीटरवर साधारण ७ सेंटिमीटर बाजूला पडते. पाच अंश म्हणजे डोळ्याला धड कळतही नाहीत. म्हणून शिकारीसाठी कलणाराच घ्या. हॅरिस या कंपनीच्या बायपॉडच्या मॉडेलच्या नावात एस असेल तर तो कलतो, नसेल तर नाही, आणि एम असेल तर पायांना खाचा असतात, बटण दाबलं की पाय खाचेखाचेने अडतो. खाचा नसलेल्या पायांना उंची कितीही बारीक जुळवता येते पण त्यांचा स्क्रू हाताने आवळावा लागतो आणि थंडीत हातमोजे घालून ते जमत नाही. मला खाचावालेच आवडतात, दोन्ही पाय न बघता सारखे मोजून काढता येतात, तीन खाचा इकडे, तीन तिकडे.

कलणं घट्ट-सैल करायला खाली एक गोल नट असतो, तो बोटांनी पुरेसा आवळत नाही, म्हणून त्याच्या जागी छोटा दांडा मिळतो तो लावून घ्या. फार सैल ठेवला तर हात काढल्याबरोबर रायफल एका बाजूला आडवी पडते, फार घट्ट केला तर कलणारा घेऊन काय उपयोग. हात लावला तर हलेल आणि सोडली तर जागेवर राहील, एवढाच ताण.

काही बायपॉड आडवे पण फिरतात, म्हणजे चालणाऱ्या जनावरामागे पाय न उचलता रायफल डावी-उजवी नेता येते. अ‍ॅटलास तसा आहे, शिवाय त्याचे पाय सरळ खाली किंवा पुढे-मागे ४५ अंशांत लॉक होतात. मस्त वस्तू आहे, किंमतही तशीच. मॅगपुलचा पॉलिमर-अ‍ॅल्युमिनियमचा बायपॉड स्वस्तात कलतो पण आणि फिरतो पण. स्पार्टनचा जॅव्हलिन कार्बन फायबरचा, अगदी हलका, लोहचुंबकावर बसतो आणि निघतो, चालत-चालत शिकार करणाऱ्याला तो खिशात ठेवता येतो, गरज पडली की क्षणात लावता येतो. दिवसभर चालणाऱ्याने हा विचार नक्की करावा.

आता बसवणं. मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायला सांगेन.

बायपॉड रायफलीला धरायचे मार्ग ठरलेले आहेत. जुन्या पद्धतीच्या शिकारी रायफलीला फोरएंडखाली स्लिंग (खांद्याचा पट्टा) अडकवायचा स्टड (आरपार भोक असलेली छोटी खुंटी) असतो, त्यावर. नव्या रायफलींना पिकॅटिनी रेल, एम-लॉकच्या खाचा किंवा अर्का रेल असते. पिकॅटिनी म्हणजे आडव्या खाचांची रेल, १९९५ साली अमेरिकन लष्कराने तिचं माप ठरवून दिलं, खाच ५.२३ मिलिमीटर रुंद आणि एका खाचेपासून दुसरी १० मिलिमीटरवर, त्यामुळे कुठलीही वस्तू कुठल्याही रेलवर बसते. एम-लॉक ही फोरएंडमधल्या खाचांत वस्तू अडकवायची पद्धत, मॅगपुलने २०१४ साली आणलेली. अर्का ही मुळात कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडची पद्धत, सुमारे ३८ मिलिमीटर रुंद रेल, तिच्यावर बायपॉड पुढेमागे सरकवता येतो आणि तीच रायफल ट्रायपॉडवरही बसते.

सगळ्यात जास्त त्रास स्टडवाल्यांना होतो म्हणून त्याबद्दल नीट लिहितो. हा स्टड मुळात पट्टा लटकवायला असतो, रायफलीचं वजन आणि खांद्याचा जोर घ्यायला नाही. बायपॉड लावायच्या आधी तो चिमटीत धरून पिळून बघा. थोडा जरी फिरला किंवा डुगडुगला तर पुढे जाऊ नका. अ‍ॅक्शनचे (नळीमागचा, बोल्ट ज्यात चालतो तो धातूचा भाग) स्क्रू काढा, नळी आणि अ‍ॅक्शन स्टॉकमधून बाहेर काढा, आणि नळी जिथे बसते त्या पन्हाळीत वरून बघा. दोन प्रकार दिसतील. एक, लाकडाचा स्क्रू, खालून आत शिरलेला आणि वर काहीच नाही. दुसरा, मशीन स्क्रू, ज्याला पन्हाळीतून नट लावलेला असतो. बायपॉडला दुसराच पाहिजे. लाकडाच्या स्क्रूचा माझा अनुभव असा की पहिले वीस-तीस बार काही होत नाही, मग एक दिवस पाय उघडून खांद्याने जोर दिला की कर्र असा आवाज होतो आणि स्टड लाकडाचे तंतू घेऊन हातात येतो. माझ्या रायफलीच्या भोकातून अक्षरशः भुसा पडला होता, आणि ते भोक भरून परत करेपर्यंत हंगामातला एक आठवडा गेला.

नटवाला बसवायचा असेल तर काम असं. स्टॉकच्या तळाला मधोमध रेघ मारा, मध्य चुकला तर बायपॉड कायम तिरका बसणार. भोक पाडायच्या जागी वर-खाली दोन्हीकडे चिकटपट्टी लावा म्हणजे कडा फुटत नाहीत. स्टडच्या पाकिटावर ड्रिलचं माप दिलेलं असतं तेच घ्या, भोक तळाशी काटकोनात पाडा, हातात धरून नाही तर ड्रिल स्टँडवर, स्टॉक नीट बांधून. मग पन्हाळीच्या बाजूने नट आत बसेल एवढा खड्डा करा, नट पन्हाळीच्या पातळीच्या खाली गेला पाहिजे. लाकडात स्क्रूला मेण नाहीतर साबण घासा, सुलभ जातो. स्क्रूचं टोक नटाच्या वर आलं तर कानशीने घासून टाका. नट इपॉक्सीत बसवला तर आयुष्यात हलत नाही, फक्त इपॉक्सी स्क्रूच्या आट्यांत जाऊ देऊ नका, स्क्रूला थोडं मेण लावून ठेवा. स्टॉक फायबरग्लासचा किंवा आतून पोकळ प्लॅस्टिकचा असेल तर आत काय आहे हे बघितल्याशिवाय भोक पाडू नका, पोकळ असेल तर आधी ती जागा इपॉक्सीने भरून घ्यावी लागते. हे काम जमत नसेल तर गनस्मिथकडे द्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

रायफल परत जोडली की कागदाची पट्टी घ्या, नळी आणि फोरएंडच्या मधून टोकापासून अ‍ॅक्शनकडे सरकवत न्या. सहज गेली पाहिजे. अडली तर स्क्रूचं टोक किंवा नट नळीला लागतोय, आणि फ्री-फ्लोट नळी, म्हणजे स्टॉकला कुठेच न टेकणारी नळी, आता टेकायला लागली, तिचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचा निशाणावरचा पुंजका, बिघडणार.

बायपॉड लावताना स्टडच्या आरपार जे भोक असतं त्यात बायपॉडच्या दोन जबड्यांच्या पिना जातात. आधी आवळायचा नट बराच सैल करा, जबडे उघडा, पिना भोकात घाला, पाय मिटल्यावर नळीच्या तोंडाकडे जातील अशी दिशा ठेवा, आणि मग नट आवळत जा, बायपॉडची गादी फोरएंडला सगळीकडून सारखी चिकटली पाहिजे. बोटांनी जितका आवळेल तितका आवळा, वर अगदी थोडा, बस. इथे पक्कड घेऊन आवळणारे लोक मी बघितलेत आणि त्यांचेच स्टड उपटतात, कारण हा नट स्टडला सतत खाली ओढत असतो. पहिल्या पाच-दहा बारांनंतर लाकूड आणि रबर दबतं, तेव्हा परत एकदा आवळा. बायपॉडने स्टड अडवला तर पट्ट्याचं काय, हा प्रश्न पडतो, तर बऱ्याच बायपॉडना स्वतःचा छोटा स्टड असतो त्यावर पट्टा लावायचा, नाहीतर फोरएंडला दोन स्टड असतील तर पुढच्यावर बायपॉड आणि मागच्यावर पट्टा.

रेलवाल्यांचं सोपं आहे. पिकॅटिनीवर बायपॉड खाचेत बसवला की आवळायच्या आधी त्याला नळीच्या तोंडाच्या दिशेने ढकलून धरा, कारण गोळी सुटली की रायफल मागे जाते आणि बायपॉड जागेवर राहू बघतो, मधली फट आधीच काढून टाकलेली बरी. एम-लॉकमध्ये स्क्रू फिरवला की आतला टी-नट चौथाई फिरून खाचेत आडवा अडकतो, तो खरंच आडवा झालाय का हे आतून बघा, अर्धवट फिरलेला नट हाताला घट्ट लागतो आणि पहिल्या धक्क्याला सुटतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फोरएंडला साधारण ४ न्यूटन-मीटर पुरतं, टॉर्क रेंच असेल तर वापरा, आणि पाकिटावर वेगळा आकडा असेल तर तोच धरा. निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब चालेल, लाल नको, ते निघत नाही. एम-लॉकचा स्क्रू लांब असेल तर तो पण आतून नळीला लागू शकतो, तेव्हा कागदाची पट्टी इथेही.

आता फोरएंडच्या कडकपणाकडे येतो, ज्याकडे कोणी बघत नाही. स्वस्त रायफलींचे प्लॅस्टिकचे स्टॉक पुढे फार मऊ असतात. रिकामी रायफल बायपॉडवर ठेवा, झोपा, खांद्याने नेहमीसारखा पुढे जोर द्या, आणि दुसऱ्या कोणाला तरी कागदाची पट्टी सरकवून बघायला सांगा. रायफल हातात असताना पट्टी सहज जात होती आणि आता अडली, तर फोरएंड वाकून नळीला टेकतोय. माझ्या एका जुन्या रायफलीची गोळी यामुळे वाळूच्या पिशवीवरून जिथे पडायची त्यापेक्षा बायपॉडवरून १०० मीटरला सुमारे ५ सेंटिमीटर वर पडायची, आणि मी महिनाभर स्कोपला दोष देत होतो. याला उपाय दोन, पन्हाळ आतून घासून फट वाढवायची किंवा स्टॉक बदलायचा. तोपर्यंत जोर कमी द्यायचा.

म्हणून बायपॉड बसवला की झिरो तपासणं भागच आहे. आधी पिशवीवरून तीन ते पाच गोळ्यांचा ग्रुप, नळी थंड होऊ द्या, मग त्याच निशाणावर बायपॉडवरून तितक्याच गोळ्या. ग्रुपचं मधलं ठिकाण सरकलं असेल तर जशी शिकार करणार तसं झिरो करा, म्हणजे बायपॉड लावून मारणार असाल तर लावूनच. लहान-मोठ्या ग्रुपपेक्षा ठिकाण सरकलं का हे बघा.

मारताना पुढे जोर द्यायचा याला लोडिंग म्हणतात, खांदा दस्त्यामागे आणून पायांमधली ढिलाई निघेल एवढंच हलकं पुढे सरकायचं आणि दर वेळी सारखं सरकायचं. शरीर रायफलीच्या सरळ मागे पाहिजे, तिरकं झोपलात तर धक्क्याने रायफल एका बाजूला उडते आणि स्कोपमधून जनावर हरवतं. गोळी सुटल्यावर निशाण स्कोपमध्ये दिसतंय का ते बघा, डावीकडे उडत असेल तर तुम्ही सरळ नाही आहात. खडकावर किंवा सिमेंटवर रबराचे पाय उसळतात, तिथे पायांखाली जाकीट नाहीतर रिकामी पिशवी टाका. आणि दस्त्याखाली काहीतरी पाहिजेच, मोज्यात वाळू भरून तोंड बांधलं तरी काम होतं, मुठीत दाबलं की नेम वर-खाली बारीक जुळतो. बायपॉड फक्त पुढचा अर्धा प्रश्न सोडवतो, मागचा आधार नसेल तर छातीच्या ठोक्याबरोबर क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) उडताना दिसतं.

एक गोष्ट मात्र फार मनापासून सांगतो. झोपून मारताना स्कोप नळीपेक्षा साधारण ४ सेंटिमीटर वर असतो, त्यामुळे स्कोपमधून समोर सगळं साफ दिसतं आणि नळीच्या तोंडासमोर मात्र एक दगड किंवा मातीचा उंचवटा असू शकतो. उंच बायपॉडने हा धोका कमी होतो, संपत नाही. चाप ओढायच्या आधी स्कोपमधून डोळा काढा आणि नळीच्या रेषेतून एकदा बघा. आणि जनावराच्या मागे माती आहे का, हेही, कारण सपाट जमिनीवर झोपून मारलेली गोळी जवळजवळ आडवी जाते, चुकली तर फार लांब जाते.

आवाजाबद्दल. स्प्रिंगचे पाय सोडले की टक् करून उघडतात, पहाटेच्या शांततेत हरणाला तो आवाज शंभर मीटरवर ऐकू जातो. पाय हाताने धरून हळू उघडा, एकेक करून, आणि जनावर दिसल्यावर नाही तर जागा घेतानाच. मिटलेले पाय एकमेकांवर वाजत असतील तर आतल्या बाजूला पातळ रबराची किंवा कापडी टेपची पट्टी चिकटवा. चिखलातून आल्यावर पाय पूर्ण बाहेर काढून पाण्याने धुवा, कोरडे करा, स्प्रिंगला तेलाचं बोट फिरवा, जास्त नको, तेलाला वाळू चिकटते आणि मग पाय अडकायला लागतात.

आणि बसवलेल्या प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशची किंवा पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढा, अर्धी स्क्रूवर आणि अर्धी शेजारच्या धातूवर. निघायच्या आदल्या रात्री बॅटरीच्या उजेडात त्या रेघा बघा. दोन अर्ध्या सरळ जुळत असतील तर निघा, सरकल्या असतील तर स्क्रू फिरलाय, आवळा आणि शक्य असेल तर झिरोची एक गोळी मारून बघा. त्या स्क्रूची किल्ली मी पट्ट्याला बांधूनच ठेवतो.